मांडवीवरच्या बार्ज आणि खाजनाचे बांध

गोव्यातील मांडवी आणि झुआरी नद्यांच्या काठची बरीचशी शेती भरतीच्या पातळीखाली आहे. या जमिनींना खाजन म्हणतात. चिखल-दगडांचे बांध घालून आणि ‘मानस’ नावाच्या दारांनी खारे पाणी अडवून त्या शतकानुशतके राखल्या गेल्या. भरतीच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. बांध फुटला तर शेतात मीठ शिरते आणि पुढच्या हंगामांचे भात जाते. म्हणूनच गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेने बांधांची राखण सामूहिक कर्तव्य मानली होती.

याच नद्यांवर विसाव्या शतकात लोहखनिज तरंगू लागले. पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने वाटले होते. निर्यातीला १९४७ च्या सुमारास प्रारंभ झाला आणि पुढे जपान मोठा गिऱ्हाईक ठरला. डिचोली, सांगे भागांतील माल ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जने मुरगाव बंदरात जाई. पावसाळ्यात आग्वादजवळ वाळूचा दांडा आड येई. मग मांडवीतल्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरत. मगरींसाठी प्रसिद्ध असलेला हा कालवा अरुंद आहे आणि त्याच्याही काठी खाजने आहेत. भरलेल्या बार्जच्या लाटा मातीच्या बांधांवर आदळत राहिल्या.

दुसरा घाव डोंगरावरून आला. एक टन खनिजासाठी अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. त्याचे ढीग पावसात धुपून ओहोळांत, शेतांत आणि अखेर नदीत उतरले.

१९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, त्यांचे परवाने मात्र टिकले! १९८७ च्या कायद्याने त्यांना खाणपट्ट्यांचे रूप दिले. गोवामुक्तीच्या कथनात हा तपशील सहसा गाळला जातो.

२००० नंतर चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास गेली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ट्रक अडवले, न्यायालये गाठली. शाह आयोगाचा अहवाल आल्यावर, १९८६ मध्ये स्थापन झालेल्या गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपल्याचे ठरवून वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली. सरकारने पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले; ७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेही रद्द झाले. विरोधकांचा हा विजय निर्भेळ नव्हता. ट्रकचालक आणि बार्जवरील कामगारांची रोजी गेली, आणि खाणपट्ट्यातील गावे आतून दुभंगली.

दरम्यान २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने १११ जलमार्ग जाहीर केले. सोलापूरकरांची भीमा त्या यादीत आहे; मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवेही आहेत. मुरगावात येणारा कोळसा आता या नद्यांतून जाईल, ही शंका गोव्यात बळावली. २०१७ मध्ये वास्कोतील बंदरविस्ताराच्या जनसुनावण्या अनेक दिवस चालल्या. मच्छीमार, शेतकरी बोलत राहिले. त्याच वर्षी अनेक ग्रामसभांनी नद्यांच्या ‘राष्ट्रीयीकरणा’विरुद्ध ठराव केले. ग्रामसभेच्या ठरावाने संसदेचा कायदा मात्र बदलत नाही. तिन्ही नावे अजून त्या यादीत आहेत.