माळरानाच्या मातीचा हिशेब

सोलापुराहून भवानीच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू सुमारे ४५ किलोमीटरांवर बालाघाटाचा चढ चढून तुळजापुरांत येतो. देवीचें स्थान सर्वांच्या परिचयाचें आहे. वाटेंतील माळरानाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. कुसळीचे विरळ झुबके, उघडा पडलेला मुरूम आणि चरणाऱ्या शेळ्या, एवढेंच तेथें दिसतें. या माळावरून दरसाल किती माती जाते, हा आजचा विषय आहे.

ही झीज डोळ्यांना दिसत नाहीं, हीच खरी अडचण. हेक्टरभर जमिनीवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर सुमारे १३ टन माती जाते. पण गुराख्याला माळ कालच्यासारखाच भासतो. म्हणून मोजमाप हवें.

अमेरिकेंत मिसूरी येथें मिलर यांनीं १९१७ सालीं त्याची एक रीत घालून दिली. उतारावर ठराविक मापाचे वाफे आखावयाचे, कडेनें बांध घालावयाचा, आणि खालच्या टोंकास हौद ठेवून त्यांत उतरलेलें पाणी व गाळ मोजावयाचा. चौदा वर्षांच्या सरासरीनें नांगरून मोकळ्या ठेवलेल्या जमिनींतून एकरीं दरसाल सुमारे ४१ टन माती गेली. कायम गवताखालील जमिनींतून गेली ती टनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच!

आपल्याकडे १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. १९३३ पासून इंपीरियल कौन्सिलच्या योजनेखालीं सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथें केंद्रें निघालीं. सोलापुरास वाहून जाणारें पाणी व माती यांची मोजणी झाली. कानिटकरांचा कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ सालीं प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच, १९४२ सालीं, मुंबई सरकारनें जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला होता.

तुळजापूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. सोलापूर हांकेच्या अंतरावर, पण कायदा सरहद्दीपलीकडचा! १९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९७२ च्या दुष्काळांत बांधबंदिस्तीचीं व पाझर तलावांचीं कामें या भागांत मोठ्या प्रमाणावर निघालीं.

या इतिहासांत मुख्य लक्ष शेताकडे राहिलें. शेताला धनी असतो. गायरान सर्वांचें, म्हणून त्याच्या झिजेची फिर्याद कोणी करावयाची? वस्तुतः तेथील हानि अधिक दुःसह आहे. खुरांनीं जमीन घट्ट होते, पाणी मुरेनासें होतें, आणि वळवाच्या पहिल्या सरींत बारीक, कसदार माती गवताच्या बियांसह निघून जाते. खालीं मुरूम लागला, कीं गवताला पुन्हां मूळ धरणें कठीण होतें.

माळाच्या मोजणीस मोठा खर्च लागत नाहीं. ठिकठिकाणीं लोखंडी खुंट्या ठोकून दरसाल पावसाळ्यानंतर त्यांचा उघडा भाग मोजावा. कांहीं खुंट्यांपाशीं उलट गाळ सांचतो. म्हणून त्या पुष्कळ हव्यात, आणि हिशेब कांहीं वर्षांचा हवा. शेजारींच तसाच एक तुकडा कुंपण घालून चराईपासून राखावा, म्हणजे तुलना होते.

१९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणें भारतांत हेक्टरीं दरसाल सरासरी सुमारे १६ टन माती हलते. परंतु देशाच्या सरासरीवरून कोणत्याही गांवाला आपला माळ कळत नाहीं. चराईबंदीचा प्रश्न निघाला, म्हणजे शेळ्यांवर पोट असलेल्या कुटुंबास केवळ उपदेश पुरत नाहीं. राखलेल्या आणि चरलेल्या तुकड्यांतील फरक त्याला स्वतःच्या माळावर मोजून दाखवावा लागतो. आणि राखलेल्या तुकड्यांतील कापलेल्या गवताचा भारा त्याच्याच दावणीला पोंचावा लागतो.