हिमरेषा
हिमरेषा म्हणजे ज्या उंचीच्या वर डोंगरावर वर्षभर बर्फ टिकतो ती सीमा. सूर्यकिरणांनी मुख्यतः जमीन तापते आणि हवा तिच्याकडून उष्णता घेते. वर चढणारी हवा कमी दाबामुळे प्रसरण पावून थंड होते. दर किलोमीटरला तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. तुळिंजच्या पूर्वेचा तुंगारेश्वर डोंगर सुमारे ६५० मीटर उंच, म्हणून माथ्यावर जेमतेम चार अंश अधिक गारवा. १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखरही हिमरेषेपुढे फार ठेंगणे पडते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात कधी पहाटे गवतावरचे दव गोठते, ते ऊन चढताच वितळते. विषुववृत्ताजवळ हिमरेषा ५,००० मीटरच्या आसपास असते. टांझानियाचा किलिमांजारो (५,८९५ मीटर) ती ओलांडतो; मात्र १९१२ पासून त्याचे बहुतांश हिमक्षेत्र नाहीसे झाले आहे.