वर बघ गो बाय

आमचे तात्या, म्हणजे आईचे वडील, मूळचे राजापूरकडचे. मुसाकाजीच्या बंदरातून बोटीने मुंबईला आले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. साल कुठलं, असं विचारलं की म्हणायचे, "न्यू इंडियाची बिल्डिंग उठत होती त्या सुमारास." म्हणजे न्यू इंडिया विमा कंपनीची इमारत, 1936च्या आगेमागे. त्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक तारखा अशा कुठल्या तरी इमारतीला टांगलेल्या असत. आजीच्या तारखा बाळंतपणांना टांगलेल्या. दोघांचं जुळायचं क्वचितच.

रविवारी बिरडं-भात जेवून आमची गिरगावातली सगळी चाळ घोरायला लागली, की तात्या कोटाला इस्त्री फिरवून कोटात निघायचे. फोर्टाला ते कोटच म्हणत, आणि व्हीटीला बोरीबंदर. खांद्याला आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा. मी हट्टाने मागे. आजी रुमालात दोन नारळाच्या वड्या बांधून द्यायची आणि न चुकता बजावायची, "इराण्याकडे काही खाऊ नका." आम्ही न चुकता ब्रून मस्का खायचो.

दुपारचीच वेळ का, याचं कारण तात्यांकडे होतं. बोरीबंदरचं तोंड पश्चिमेला, राजाबाई टॉवरचंही पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे. सकाळी गेलात तर सूर्य इमारतीच्या पाठीशी. तीननंतर ऊन समोरून पडतं आणि दगडातलं एकेक पान, एकेक पक्षी वेगळा दिसायला लागतो. रोलमध्ये फोटो बाराच, तेव्हा घाई करायची सोय नव्हती. तात्या आधी उभे राहून नुसते बघायचे. मग माझी हनुवटी दोन बोटांनी उचलायचे, "वर बघ गो बाय. खाली काय, माणसंच आहेत. वर पण आहेत."

ती वरची माणसं हाच त्यांचा छंद. बोरीबंदर स्टीव्हन्ससाहेबाने बांधलं, 1878 साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली, हे ते सांगत. पण त्यांचा जीव गुंतलेला असे तो जे. जे. कलाशाळेच्या पोरांनी केलेल्या नक्षीत. तिथली माकडं, घुबडं, मोर मला पाठ झाले होते. घुमटावरच्या बाईच्या हातात मशाल आहे आणि दुसऱ्या हाताशी चाक, हे सांगून मी शाळेत भाव खाल्ला होता. घड्याळाखालच्या रिकाम्या कोनाड्यात पूर्वी राणी होती. "गेली," एवढंच म्हणून तात्या पुढे चालायला लागायचे.

राजाबाईपाशी मात्र पाय रेंगाळायचे. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव ठेवलं. आई अंध होती, सूर्यास्ताआधी जेवायचा जैनांचा नेम, ती वेळ कळावी म्हणून टोल, ही गोष्ट आजीला फार आवडायची. ती खरी की लोकांनी रचलेली, कोण जाणे. आजीपुढे शंका काढायची कुणाची टाप नव्हती. तात्यांची गोष्ट वेगळी. आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, त्याने मुंबई कधी पाहिलीही नाही. पण त्या 280 फुटी मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे चोवीस पुतळे आहेत, ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाने. तात्यांच्या मते त्यातला एक हुबेहूब त्यांच्या चुलत्यासारखा होता. क्लिक थ्रीमध्ये तो चुलता मोहरीएवढा आला. तात्यांनी फोटोच्या पांढऱ्या कडेवर शाईने बाण काढून ठेवला.

न्यू इंडियाच्या भिंतीवरची माणसं तर अगदीच घरची, शेतात राबणारी, सूत कातणारी. ना. ग. पानसऱ्यांचं काम. इमारतीच्या वास्तुकारांतही एक साठे. गाव नुकतंच सोडून आलेल्या पोराला त्या एवढ्या थोरल्या दगडी शेतकऱ्यांनी बराच धीर दिला असावा. हा आपला माझा अंदाज. तात्या असलं काही बोलणाऱ्यातले नव्हते.

ते बोलले ते गोदीच्या स्फोटाबद्दल. 14 एप्रिल 1944, शुक्रवार, चारचा सुमार. बोटीवर दारूगोळा, कापूस आणि सोनं, सगळं एकत्र! तात्या तेव्हा कापसाच्या पेढीत कारकून. खिडक्यांच्या काचा टेबलावर आल्या, जपान्यांनी बॉम्ब टाकला म्हणून लोक रस्त्यावर धावले. तात्या धावले ते राजाबाई उभी आहे का बघायला. उभी होती. मग घर आठवलं. घरी आजीने गॅलरीत घातलेल्या कुरडयांवर काजळी बसली होती, आणि "आधी मनोरा, मग बायको" हे वाक्य तात्यांना पुढे जन्मभर ऐकावं लागलं. चाळीतल्या एकाला त्या दिवशी सोन्याची वीट सापडली, असंही आजी सांगायची. तो गृहस्थ मात्र शेवटपर्यंत त्याच भाड्याच्या खोलीत राहिला.

बोरीबंदर 2004 साली युनेस्कोच्या यादीत गेलं. राजाबाई आणि ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती 2018 साली. तात्या असते तर म्हणाले असते, एवढा उशीर? त्यांचे फोटो चिवड्याच्या डब्यात माझ्याकडे आहेत. खरं सांगायचं तर बरेचसे हललेले आहेत. मागे पेन्सिलीने तारीख नाही, खाल्लेलं लिहिलंय: "भजी, बरी." "मावा केक, शिळा."

तुम्ही त्या बाजूला गेलात तर तीननंतर जा आणि मान वर करा. आणखी एक मागणं आहे. चोवीस जणांचे चेहरे घडवणाऱ्या मुकुंद रामचंद्रांचा स्वतःचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. कुणाच्या घरी जुन्या पेटीत, भिंतीवर त्यांची तसबीर असेल, तर जपून ठेवा, आणि मला बघायला बोलवा.