आगोटीपूर्वीचे दिवस

पश्चिमेस खाडी आणि पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत, यांच्या बेचक्यात भोगावतीकाठचे पेण आणि कुंडलिकेकाठचे रोहे हे जुन्या कुलाबा जिल्ह्याचे दोन कसबे वसलेले आहेत. १८६९ मध्ये निराळा झालेला आणि १९८१ पासून रायगड या नावाने दफ्तरी चढलेला हा जिल्हा त्याच्या पर्जन्याबद्दल प्रसिद्ध असला, तरी चैत्र-वैशाखातील त्याची काहिली परक्या मुसाफिराच्या सहसा ध्यानी येत नाही. येथील हवेत ओल एवढी असते की अंगावरचा घाम वाळत नाही, घाम वाळला नाही म्हणजे शरीर निवत नाही, आणि पारा फारसा न चढताही माणसाला भोवळ येते. रोह्यापासून फारसे दूर नसलेल्या भिरा येथे, जेथे १९२७ पासून टाटांचे वीजघर आहे, मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली, तेव्हा हवामान खात्यालाही तिच्या अचूकतेची चौकशी करावीशी वाटली.

तथापि हे ऊन येथील रयतेचे भांडवलही होते. खारेपाटातील मिठागरांत खाडीचे पाणी कोंडून आटवायचे, घरोघर पापड-कुरडयांचे वाळवण घालायचे, कोळीवाड्यांत सुकट पसरायची, पेणच्या मूर्तिकारांनी ओली शाडू सुकवायची, आणि हे सारे आगोट लागण्यापूर्वी, म्हणजे मृगाच्या आत, निकालात काढायचे, असा वर्षाचा शिरस्ता होता. म्हणून उन्हाला टाळण्याऐवजी येथील माणसाने उन्हाची वेळ टाळण्याचे शहाणपण अंगी बाणवले. मीठ ओढणे ते पहाटे आणि सांजेस. दुपार पडवीच्या शेणाने सारवलेल्या गार भुईवर. न्याहारीस मीठ घातलेली भाताची पेज, जिच्यामुळे घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार दोन्ही भरून येत. आणि अक्षय्यतृतीयेस पाण्याने भरलेल्या घटाचे दान, ज्यात पुण्य होते तसा वाटसरूच्या तहानेचा विचारही होता.

विजेच्या बाबतीत मात्र परंपरेचा हात इतका भरवशाचा नव्हता. कडकडाट होताच अर्जुनाची नावे घ्यावीत आणि पायाळू माणसास उघड्यावर जाऊ देऊ नये, कारण त्याच्यावरच वीज पडते, अशी समजूत होती. तिच्यामुळे पायाळू तेवढा घरात राही, ही एक जमेची बाजू. पण बाकीचे बाहेर निर्धास्त राहत, हा तिचा दोष.

आणि बाकीचे नेमके त्याच घटकेस बाहेर धावत. वैशाखअखेर पूर्वेकडे आभाळ भरून आले, गार वाऱ्याचा झोत आला, की मिठाच्या राशींवर गवत टाकण्यास मजूर सपाट आगरात उतरत आणि बायका अंगणातील वाळवण गोळा करू लागत. एका सरीत हंगामाची मेहनत विरघळून जाण्याचा धाक विजेच्या धाकाहून मोठा होता. मैलभर उघड्या त्या आगरात, जेथे बांधावरच्या एखाद्या झाडाखेरीज उंच काहीच नाही, उभा असलेला माणूसच सर्वांत उंच ठरतो. आणि आसऱ्यासाठी तो झाड गाठी, तर तेही तितकेच घातक.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईतो तीस सेकंद लोटले नाहीत, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या छपराखाली जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे, एवढे शास्त्र आज सर्वांना ठाऊक होण्याजोगे आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप तर मोबाइलवर इशाराही देते. परंतु घाईत धावणाऱ्यास इशारा ऐकू येत नाही. मृगाची वाट न पाहता रोहिणी लागण्यापूर्वीच राशी शाकारून ठेवाव्यात, आभाळाचा रंग पालटताच दुपारीच वाळवण आवरावे आणि तरीही काही उरले, तर ते भिजू द्यावे. बेगमी ही माणसासाठी असते. तिच्यापायी माणूस गमावणारी आगोट कोणत्याही शिरस्त्यात बसत नाही.