मोराची चिंचोली
मोराची चिंचोली हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कृषी पर्यटनासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. चिंचेची झाडे व मोर यांवरून गावाला हे नाव पडले. शिरूर आणि लगतचा दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. त्यामुळे येथील कोरडवाहू शेतीला पर्यटनाचा आधार मोलाचा ठरतो. पर्यटक हिवाळ्यात ज्वारीच्या हुरड्यासाठी, तर पावसाळ्यात मोरांचा नाच पाहण्यासाठी येतात. चिंचेची फळे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकतात व झोडपून उतरवली जातात. मोर रात्री उंच झाडांवर मुक्काम करतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मोराला संरक्षण आहे; परंतु गावात मोर टिकण्यासाठी जुन्या चिंचा राखणेही तितकेच आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले.