क्वीनचे सुरुवातीचे संगीतदौरे

क्वीन या इंग्लिश रॉक संगीतसमूहाने १९७० ते १९७५ या काळात युनायटेड किंग्डम, युरोप, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि जपान येथे केलेले दौरे हे समूहाचे सुरुवातीचे संगीतदौरे मानले जातात. या सहा वर्षांत महाविद्यालयांची सभागृहे आणि लहान क्लब यांपासून टोकियोतील निप्पॉन बुडोकानपर्यंतचा प्रवास समूहाने केला. पहिल्या अल्बमला मिळालेला थंड प्रतिसाद आणि ब्रिटिश संगीतपत्रांची बहुधा प्रतिकूल राहिलेली भूमिका यांमुळे क्वीनचा पहिला निष्ठावान श्रोतृवर्ग प्रामुख्याने प्रत्यक्ष कार्यक्रमांतूनच तयार झाला. आजारपणामुळे यांपैकी एक दौरा अर्धवट सोडावा लागला, तर दुसऱ्यातील काही कार्यक्रम रद्द करावे लागले.

पार्श्वभूमी

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिकणारा गिटारवादक ब्रायन मे, ड्रमवादक रॉजर टेलर आणि गायक व बासवादक टिम स्टॅफेल यांनी १९६८ मध्ये 'स्माईल' हा समूह स्थापन केला. १९७० मध्ये स्टॅफेल समूहातून बाहेर पडला आणि त्याचा मित्र फारोख उर्फ फ्रेडी बलसारा गायक म्हणून दाखल झाला. समूहासाठी 'क्वीन' हे नाव त्यानेच सुचवले आणि स्वतः 'मर्क्युरी' हे आडनाव घेतले.

मर्क्युरीचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. त्याचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत झाले. तेथे शाळासोबत्यांनी मिळून काढलेल्या 'द हेक्टिक्स' या वाद्यवृंदात तो पियानो वाजवत असे. १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले.

प्रारंभीचे कार्यक्रम (१९७०–१९७२)

मे, टेलर आणि मर्क्युरी यांचा एकत्रित पहिला कार्यक्रम २७ जून १९७० रोजी कॉर्नवॉलमधील ट्रुरो सिटी हॉल येथे झाला. टेलरच्या आईने रेडक्रॉसच्या मदतीसाठी आधीच ठरवलेला हा कार्यक्रम असल्यामुळे जाहिरातीत 'स्माईल' हेच नाव होते. 'क्वीन' या नावाने समूह जुलै १९७० पासून रंगमंचावर येऊ लागला. बासवादकाची जागा मात्र बराच काळ स्थिर नव्हती. तीन वादक बदलल्यानंतर १९७१ च्या आरंभी चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेणारा जॉन डीकन समूहात आला. त्याचा पहिला कार्यक्रम २ जुलै १९७१ रोजी सरे परगण्यात झाला. हेच चौघे पुढे १९९१ पर्यंत एकत्र राहिले.

१९७१ च्या उन्हाळ्यात समूहाने टेलरच्या ओळखींच्या आधारे कॉर्नवॉलमध्ये लहान ठिकाणी अनेक कार्यक्रम केले. हा क्वीनचा पहिला दौरा म्हणता येईल. त्यानंतरच्या वर्षभरात कार्यक्रमांची संख्या रोडावली. मे खगोलशास्त्रातील संशोधनात गुंतला होता, टेलर आणि डीकन शिक्षण घेत होते, तर मर्क्युरी आणि टेलर मिळून केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळाही चालवत असत. शिवाय किरकोळ मानधनावर खेडोपाडी फिरत राहण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाचा करार मिळवण्यावर समूहाने भर दिला.

१९७२ मध्ये लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओशी समूहाचा करार झाला. मोठे कलाकार स्टुडिओ वापरत नसतील त्या रिकाम्या वेळात, बहुधा रात्री, पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण करावे लागले. 'क्वीन' हा अल्बम १३ जुलै १९७३ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या आठवडाभर आधी आलेली 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' ही एकल तबकडी ब्रिटिश विक्रीयादीत स्थान मिळवू शकली नाही.

मॉट द हूपलसोबतचा दौरा (१९७३)

क्वीनचा पहिला देशव्यापी दौरा १२ नोव्हेंबर १९७३ रोजी लीड्स टाउन हॉल येथे सुरू झाला आणि १४ डिसेंबर रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन येथे संपला. या दौऱ्यात 'मॉट द हूपल' हा मुख्य समूह होता. त्याच्या आधीच्या थोड्या वेळात क्वीनला आपली गाणी सादर करावी लागत. दुसऱ्याच्या नावावर जमलेल्या, अनोळखी प्रेक्षकांचे लक्ष मोजक्या मिनिटांत वेधून घेण्याचा सराव समूहाला येथे झाला. दोन्ही समूहांचे संबंध सलोख्याचे राहिले आणि पुढील वर्षीच्या अमेरिका दौऱ्यातही ते एकत्र आले.

ऑस्ट्रेलियातील कार्यक्रम (जानेवारी १९७४)

जानेवारी १९७४ च्या अखेरीस क्वीनने मेलबर्नजवळील सनबरी संगीत महोत्सवात भाग घेतला. प्रवासापूर्वी घेतलेल्या लशीमुळे मेच्या हातात जंतुसंसर्ग झाला होता आणि मर्क्युरीला कानाच्या संसर्गाचा त्रास होत होता. क्वीनने आपली प्रकाशयोजना आणि तंत्रज्ञ सोबत नेल्यामुळे स्थानिक कर्मचाऱ्यांशी कुरबुरी झाल्या. अनोळखी इंग्लिश समूहाचे स्वागत प्रेक्षकांनीही नापसंती दर्शवूनच केले.

क्वीन टू दौरा (मार्च १९७४)

२१ फेब्रुवारी १९७४ रोजी बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात क्वीन प्रथमच झळकला. डेव्हिड बोवीचा नियोजित भाग उपलब्ध न झाल्याने ही संधी ऐनवेळी मिळाली होती. त्यात सादर झालेले 'सेव्हन सीज ऑफ राय' हे गीत ब्रिटिश विक्रीयादीत दहाव्या क्रमांकापर्यंत, तर मार्चमध्ये आलेला 'क्वीन टू' हा अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

मुख्य समूह म्हणून क्वीनचा पहिला ब्रिटिश दौरा १ मार्च १९७४ रोजी ब्लॅकपूल येथे सुरू झाला. या दौऱ्यात प्लिमथ येथे समूहाची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांनी उत्स्फूर्तपणे ब्रिटिश राष्ट्रगीत गायले. समूहाच्या नावावरील ही कोटी पुढे प्रथाच बनली. ऑक्टोबर १९७४ मध्ये मेने राष्ट्रगीताची गिटारवरील आवृत्ती ध्वनिमुद्रित केली. कार्यक्रमाच्या शेवटी ती वाजवण्याचा परिपाठ त्यानंतर सुरू झाला.

१६ मार्च रोजी स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात या उत्साहाला वेगळे वळण लागले. 'वन्स मोअर'च्या मागणीला मान देऊन समूह पुन्हा रंगमंचावर आला होता. तरीही कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक जाईनात. त्यातून हाणामारी झाली, काही जण जखमी झाले आणि पोलिसांना बोलवावे लागले. परिणामी पुढचा बर्मिंगहॅम येथील कार्यक्रम लांबणीवर टाकण्यात आला. ३१ मार्च रोजी लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झालेला कार्यक्रम या दौऱ्याचा कळस मानला जातो.

पहिला अमेरिका दौरा आणि आजारपण (१९७४)

१६ एप्रिल १९७४ रोजी डेन्व्हर येथे क्वीनचा पहिला अमेरिका दौरा सुरू झाला. येथेही मॉट द हूपल हाच मुख्य समूह होता. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील युरिस थिएटरमध्ये सलग सहा दिवस कार्यक्रम झाले. त्यानंतर बॉस्टन येथे ब्रायन मे याला यकृतदाह, म्हणजेच हिपॅटायटिस झाल्याचे निष्पन्न झाले. समूहाने उर्वरित दौरा सोडून मायदेशी परतण्याचा निर्णय घेतला.

त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या अल्बमचे काम सुरू असताना मेला आतड्याच्या व्रणामुळे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. सप्टेंबरसाठी ठरवलेला नवा अमेरिका दौराही रद्द झाला. आपल्या जागी दुसरा गिटारवादक घेतला जाईल, अशी भीती मेला वाटत होती. इतर तिघांनी मात्र गिटारसाठी जागा मोकळ्या ठेवून ध्वनिमुद्रण चालू ठेवले आणि बरा झाल्यावर मेने त्या जागा भरल्या. अमेरिका दौऱ्यातील अनुभवांवर त्याने रचलेल्या 'नाऊ आय'म हिअर' या गीतात मॉट द हूपलचा उल्लेख आहे.

शीअर हार्ट अटॅक दौरा (१९७४–१९७५)

'किलर क्वीन' हे गीत ऑक्टोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध होऊन ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'शीअर हार्ट अटॅक' या अल्बमनेही तोच क्रमांक गाठला. या अल्बमचा दौरा ३० ऑक्टोबर रोजी मँचेस्टर येथे सुरू झाला. १९ आणि २० नोव्हेंबर रोजी रेनबो थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमांचे चित्रीकरण करण्यात आले. त्यानंतर समूह स्वीडन, फिनलंड, जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम आणि स्पेन या देशांत गेला.

मुख्य समूह म्हणून पहिला अमेरिका दौरा ५ फेब्रुवारी १९७५ रोजी ओहायो राज्यातील कोलंबस येथे सुरू झाला. काही दिवसांतच मर्क्युरीच्या घशाचा त्रास बळावला. स्वरतंतूंवर गाठी आल्याची शंका घेऊन डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. अनेक कार्यक्रम रद्द करून आणि मध्ये खंड घेत हा दौरा एप्रिलच्या आरंभी पूर्ण करण्यात आला.

जपान दौरा (एप्रिल–मे १९७५)

एप्रिलमध्ये समूह टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरला, तेव्हा हजारो चाहते स्वागतासाठी जमले होते. 'म्युझिक लाईफ' या जपानी नियतकालिकाने क्वीनला आधीपासून ठळक प्रसिद्धी दिली होती. १९ एप्रिल रोजी बुडोकान येथे झालेल्या पहिल्या कार्यक्रमात प्रेक्षक रंगमंचाकडे लोटल्यामुळे कार्यक्रम थांबवून त्यांना शांत राहण्याचे आवाहन करावे लागले. नागोया, कोबे, फुकुओका, ओकायामा, शिझुओका आणि योकोहामा येथील कार्यक्रमांनंतर १ मे रोजी बुडोकान येथेच दौऱ्याची सांगता झाली.

जपानमधील हे स्वागत समूहाच्या मायदेशातील आर्थिक स्थितीशी विसंगत होते. ट्रायडंटशी झालेल्या करारानुसार सदस्यांना ठरावीक साप्ताहिक वेतन मिळत असे आणि गीते विक्रीयादीत असूनही त्यांची ओढाताण चालू होती. ऑगस्ट १९७५ मध्ये क्वीनने ट्रायडंटशी संबंध संपवले आणि जॉन रीड यांच्याकडे व्यवस्थापन सोपवले. जपानी चाहत्यांविषयीची कृतज्ञता 'तेओ तोरियात्ते' या १९७६ मधील गीतातून व्यक्त झाली. त्यात जपानी भाषेतील ओळीही आहेत.

रंगमंचीय सादरीकरण

क्वीनच्या अल्बममध्ये आवाजांचे आणि गिटारचे अनेक थर एकावर एक ध्वनिमुद्रित केलेले असत. रंगमंचावर मात्र गाणारे तिघे आणि गिटारवादक एकच, ही मर्यादा होती. त्यामुळे समूहाने प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी गाण्यांची अधिक जोरकस आणि मोकळी रूपे तयार केली. वडिलांच्या मदतीने घरीच बनवलेली 'रेड स्पेशल' ही गिटार मे वाजवत असे. प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्राद्वारे आधी वाजवलेली सुरावट काही क्षणांनी पुन्हा ऐकू येई आणि तिच्यावर तो नवी सुरावट वाजवी. अशा रीतीने एकच वादक दोन-तीन गिटारचा मेळ साधत असे.

तुटलेल्या दांड्यासह मायक्रोफोन हातात घेऊन गाण्याची मर्क्युरीची पद्धत याच काळातील आहे. मर्क्युरी आणि मे यांचे काही पोशाख फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्स यांनी तयार केले होते. 'नाऊ आय'म हिअर'च्या सुरुवातीला अंधारात मर्क्युरी रंगमंचाच्या एका टोकाला दिसे आणि लगेच दुसऱ्या टोकाला. त्यासाठी त्याच्यासारखाच पोशाख केलेला दुसरा माणूस उभा केला जाई. मूळ गाण्यांच्या जोडीला 'जेलहाऊस रॉक'सारखी जुनी रॉक अँड रोल गाणीही शेवटच्या भागात सादर होत.

अ नाईट ॲट द ऑपेरा दौऱ्याचा आरंभ (१९७५)

'बोहेमियन रॅप्सडी' हे गीत ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रसिद्ध झाले. दौऱ्याच्या तालमी चालू असतानाच, १० नोव्हेंबर रोजी, एल्स्ट्री येथे त्याची चित्रफीत तयार करण्यात आली. समूह गावोगावी फिरत असताना दूरचित्रवाणीवर ही चित्रफीत दाखवली जात होती. १४ नोव्हेंबर रोजी लिव्हरपूल येथे दौरा सुरू झाला आणि महिनाअखेरीस गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. तेथे ते सलग नऊ आठवडे टिकले. २४ डिसेंबर रोजी हॅमरस्मिथ ओडियन येथील कार्यक्रम बीबीसीने थेट प्रक्षेपित केला. दोन वर्षांपूर्वी याच नाट्यगृहात क्वीनने दुसऱ्या समूहाच्या आधी गाणी सादर केली होती.

परिणाम

१८ सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हाईड पार्कमध्ये क्वीनने विनामूल्य कार्यक्रम केला. त्याला सुमारे दीड लाख श्रोते उपस्थित असल्याचा अंदाज आहे. मोठ्या मैदानांतील क्वीनच्या कार्यक्रमांची ही नांदी ठरली. सुरुवातीच्या दौऱ्यांतील ध्वनिमुद्रणे पुढे 'लाइव्ह ॲट द रेनबो '७४' (२०१४) आणि 'अ नाईट ॲट द ओडियन' (२०१५) या नावांनी अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

प्रमुख दौऱ्यांचा कालक्रम

- उन्हाळा १९७१ – कॉर्नवॉलमधील कार्यक्रम
- नोव्हेंबर–डिसेंबर १९७३ – मॉट द हूपलसोबत ब्रिटन
- मार्च–एप्रिल १९७४ – क्वीन टू दौरा, ब्रिटन
- एप्रिल–मे १९७४ – मॉट द हूपलसोबत अमेरिका, दौरा अपूर्ण
- ऑक्टोबर १९७४ – मे १९७५ – शीअर हार्ट अटॅक दौरा; ब्रिटन, युरोप, उत्तर अमेरिका, जपान
- नोव्हेंबर–डिसेंबर १९७५ – अ नाईट ॲट द ऑपेरा दौऱ्याचा ब्रिटनमधील टप्पा