श्वास रोखा, मावशी

तुम्ही पालथ्या झोपल्या आहात. उजवा गाल चादरीवर, दोन्ही हात डोक्याच्या वर. सीटी स्कॅनचं टेबल रेल्वेच्या बर्थपेक्षाही अरुंद आणि एसी असा लावलाय की पायाची बोटं वळली आहेत. मशीन चालवणारा मुलगा तुमच्या धाकट्याच्या वयाचा. तो वाकून सांगतो, "मावशी, मी म्हणेन तेव्हा श्वास घ्यायचा आणि रोखायचा. दर वेळी तेवढाच घ्यायचा. कमी नको, जास्त नको."

या 'तेवढाच'कडे नीट लक्ष द्या. तुमच्या उजव्या फुप्फुसावरचा डाग सुपारीएवढा आहे आणि तो एका जागी बसून राहत नाही. श्वासाबरोबर फुप्फुस खाली सरकतं, वर येतं. तळाकडची गाठ असली तर एखाद-दोन सेंटिमीटर सहज हलते. डॉक्टर स्कॅनवर मोजून सुईची वाट ठरवणार ती तुमच्या एका श्वासाच्या मापाने. पुढचा श्वास त्याहून मोठा झाला, तर सुई बरोबर जाते आणि गाठ तिथे नसते. म्हणजे अर्धं काम तुमचंच आहे. हे आदल्या दिवशी कुणी सांगत नाही. घरी पलंगावर पाच-सहा वेळा सराव करून आलात तर फार बरं.

"श्वास घ्या. रोखा."

श्वास रोखलाय तोवर मनाने मागे जाऊन या. बर्लिन, १८८३. लांबलचक वॉर्ड, खाटांची रांग, तापाने फणफणलेला एक माणूस. लांब कोटातले डॉक्टर त्याच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून बघताहेत. पाण्याचं पिंप किती भरलंय हे आपण बाहेरून वाजवून बघतो ना, अगदी तसं. जिथे पोकळ वाजतं तिथे हवा, जिथे भरीव वाजतं तिथे न्यूमोनिया. डॉक्टरांचं नाव अर्न्स्ट फॉन लायडन. क्ष-किरण सापडायला अजून बारा वर्षं आहेत, त्यामुळे कानाचाच काय तो आधार. भरीव वाजलं तिथे ते सुई घालतात. आतला जंतू त्यांना डोळ्यांनी बघायचा आहे. याच शहरात आदल्या वर्षी, २४ मार्च १८८२ला, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं आहे.

त्या माणसाचा चेहरा बघवत नाही. जागा बधिर करायला कोकेन वापरता येतं, हे वैद्यकीला कळायला अजून एक वर्ष आहे. कुणी त्याला आधी समजावून सांगितलं का, हे तुम्हाला कळत नाही. तुम्हाला जर्मन येत नाही.

"सोडा श्वास, मावशी. आता थोडं टोचेल."

बधिर करायचं इंजेक्शन. आधी मुंगी चावल्यासारखं, मग दहा-पंधरा सेकंद जळजळ. फुप्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतं ते त्याच्या बाहेरचं आवरण. सुई तिथून जाताना एक कळ खांद्यापर्यंत जाऊ शकते. हे माहीत असलं की माणूस दचकत नाही, आणि इथे न दचकण्याला फार किंमत आहे. खोकला येतोय असं वाटलं तर आधी बोलून सांगा. डॉक्टर थांबतात. उठायचा प्रयत्न मात्र अजिबात करू नका.

"घ्या. रोखा."

फ्रायबुर्ग, १८९७. त्रेसष्ट वर्षांचा एक शेतकरी, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. डुकराच्या मांसातलं हाड श्वासनलिकेत जाऊन उजव्या फाट्यात अडकलंय. खोकून खोकून जीव जायची वेळ. गुस्ताव किलियान नावाचे डॉक्टर कोकेनने घसा बधिर करून धातूची सरळ नळी तोंडातून थेट आत उतरवतात, कपाळाला बांधलेल्या दिव्याच्या उजेडात. हाड बाहेर येतं, साडेतीन सेंटिमीटरचं. छाती न कापता फुप्फुसाच्या दारात जाता येतं, हे जगाला त्या दिवशी कळलं. श्वास अजून रोखलेला आहे तोवर टोकियोलाही डोकावून या. १९६६ साली शिगेतो इकेडा तीच नळी हजारो बारीक काचतंतूंची, वाकणारी करून दाखवताहेत. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची काल झालेली 'दुर्बिणीची तपासणी' ती हीच, ब्रॉन्कोस्कोपी. त्यांची गाठ मोठ्या श्वासनलिकेला चिकटलेली, म्हणून त्यांना दुर्बीण. तुमची बरगड्यांजवळ, कडेला, म्हणून पाठीतून सुई. "त्यांना नुसती नळी आणि मला सुई का?" हा प्रश्न काल तुमच्या मनात होता आणि तुम्ही तो गिळलात. विचारायला हवा होता.

विचारण्यावरून आठवलं. गेल्या आठवड्यात तुमची तारीख पुढे गेली, कारण हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे तुम्ही टेबलावर चढायच्या वेळी सांगितलंत. ही गोळी पहिल्या भेटीतच सांगायची. आणि बंद करायची ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने नाही.

"सोडा. छान. आता शेवटचं. श्वास तेवढाच, रोखायचा मात्र जरा जास्त वेळ."

विम्बल्डन, ऑक्टोबर १९७१. सीटी मशीनमध्ये जाणारी पहिली रुग्ण, तुमच्यासारखीच एक बाई. तिचं डोकं तपासताहेत, मेंदूत गाठ असल्याचा संशय. एकेका फेरीला साधारण पाच मिनिटं. डोकं श्वास घेत नाही, म्हणून चाललं. छातीसाठी पाच मिनिटं श्वास कोण रोखणार? मशीन भराभर वेगवान झाली आणि १९७६मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सीटीवर बघत सुई नेमकी पोचवण्याची रीत छापून जाहीर केली. तुमच्या वाट्याला आलेत ते दहाएक सेकंद.

टक्!

स्टेपलर मारल्यासारखा आवाज. हा आवाज येणार हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हमखास हलतो, म्हणून मी सांगतेय. बाहेरची जाड सुई जागीच राहते आणि तिच्या आतून बारीक सुई दोन-तीनदा जाऊन येते. आवरणाला भोक मात्र एकच. डॉक्टरांच्या हातातल्या सुईच्या खाचेत पांढुरकी काडी दिसते, शेवईच्या तुकड्याएवढी. एवढ्यासाठी हा सगळा प्रपंच.

आता बाटल्यांकडे बघा. ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टसाठी पक्का होतो, पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. मग त्यातून क्षयाचे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, कशी होणार? त्यासाठी एक तुकडा साध्या सलाईनमध्ये वेगळा जायला हवा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. फुप्फुसावर डाग दिसला की टीबीच असेल म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेतलेली आणि शेवटी कॅन्सर निघालेली माणसं आहेत. कॅन्सर म्हणून घर रडलं आणि टीबी निघाला, अशीही आहेत. डॉक्टरांना सरळ विचारा: टीबीसाठी तुकडा वेगळा पाठवणार ना? या प्रश्नाचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

तुम्हाला वळवून पाठीवर झोपवतात, भोकावर तुमचंच वजन पडावं म्हणून. मुलगा दारात उभा, हातात बिस्किटांचा पुडा. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या होत्या, "तुकडा काढला की गाठ पसरते गं." सुईच्या वाटेने गाठ पसरणं फार दुर्मीळ आहे. तुकडा न काढता आंधळेपणाने औषध चालू ठेवण्यात धोका त्याहून कितीतरी मोठा. खरी भीती बाळगायची ती हवेची. सुईच्या भोकातून हवा गळून फुप्फुस थोडं आकसतं. शंभरात पंधरा ते पंचवीस जणांना हे होतं. बहुतेकांचं आपोआप भरून येतं आणि थोड्यांना छातीत नळी घालावी लागते. म्हणून दोनेक तासांनी एक्स-रे काढतात. कफात थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. पण घरी गेल्यावर अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा रक्त वाढलं, तर सकाळची वाट न बघता तडक परत या. काही दिवस पाण्याची बादली उचलू नका. भाचीच्या लग्नाला विमानाने जायचं असेल तर आधी विचारा.

एक्स-रे ठीक आला. चहा मिळाला.

रिपोर्टला आठवडा लागेल. 'निदान होत नाही' असाही शेरा येतो. मग पुन्हा सुई किंवा दुसरा मार्ग. कॅन्सर निघालाच, तर कुठली गोळी लागू पडेल हे ठरवायला त्याच तुकड्यावर जनुकांच्या तपासण्या होतात आणि त्याला आणखी दोन-तीन आठवडे जातात. शेवईएवढा तुकडा तोवर मेणाच्या छोट्या वडीत घालून ठेवलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. तो लॅबमध्येच राहतो आणि बहुतेकांना त्याची कल्पनाच नसते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा नुसती फाइल नेऊ नका. अर्ज करून, सही देऊन ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या आणि डब्यात जपून न्या.